नवऱ्याच्या दीक्षेवर माझं भागत नाही

"आपण बौद्धच आहोत, मग तू आणखी काय होणार?" मी रीतसर दीक्षा घ्यायचं ठरवलं तेव्हा नवऱ्यानं हसून विचारलं. आगाशीच्या आमच्या घरात ओटीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो आहे. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत हे पुढे असतात. आत स्वयंपाकघरात मात्र सासूबाईंचा देव्हारा आहे. त्यांचे गुडघे गेल्यापासून देव पुसणं, उपास, वटपौर्णिमा सगळं माझ्याकडे. "आई आहे तोवर कर," हे ह्यांचं म्हणणं. म्हणजे बाहेर हे बौद्ध, आणि ह्यांच्या वाटणीचे देव आत मी सांभाळायचे!

माझ्या आजीची गोष्ट सांगते. 7 डिसेंबर 1956 ला दादरला बाबासाहेबांच्या अंत्यविधीच्या वेळी भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या लोकांना दीक्षा दिली. आजोबा त्या गर्दीत होते. घरी येऊन म्हणाले, "आपण बौद्ध झालो." आजीनं कोनाड्यातले देव टोपलीत घातले आणि पाण्यात सोडून आली. तिनं नकार दिला असता असं मला वाटत नाही. पण तिला कुणी विचारलंच नाही. त्याआधी दोनच महिने, 14 ऑक्टोबरला, नागपूरला हजारो बायका लेकरं कडेवर घेऊन स्वतः उभ्या राहिल्या होत्या. आजीला तो मान मिळाला नाही, आणि मलाही लग्नानंतर बौद्धपण नवऱ्याच्या आडनावाबरोबर मिळालं.

संघटनेतल्या मैत्रिणींचा प्रश्न वेगळा. एका धर्मातून सुटून दुसऱ्यात कशाला अडकायचं? धर्म तेवढे पुरुषांचेच. मैत्रिणींनो, हे मला नाकारता येत नाही. महाप्रजापती गौतमीला संघात यायला तीनदा विनवावं लागलं, आणि आठ अटी पडल्या असं विनयपिटक सांगतं. शंभर वर्षं भिक्षुणी असलेल्या बाईनंही कालच्या भिक्षूला वंदन करावं, ही त्यातलीच एक.

आमच्या शेजारचंच बघा. सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा 1882 साली सापडला, आणि नवव्याचा भुईगावात, नेमका 1956 मध्ये. नवव्या लेखाचा पूर्ण मजकूर गिरनारसारख्या ठिकाणी वाचता येतो. आजारपण, लग्न, बाळंतपण, प्रवास अशा वेळी लोक विधी करतात आणि बायका तर पुष्कळ फालतू विधी करतात, अशी त्यात तक्रार आहे. त्यापेक्षा दास-नोकरांशी नीट वागा, हे खरं मंगल, असं राजा म्हणतो. म्हणणं चोख आहे. पण हे घरात सांगायचं कुणी? बापानं, मुलानं, भावानं, धन्यानं. आईचं, बहिणीचं नाव नाही. पोराला ताप आला की "तुझंच काही चुकलं असेल" हे बाईलाच ऐकावं लागतं, म्हणून ती नवस बोलते. हे राजाच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

कायद्यानं काही फरक पडेल म्हणावं तर तेही नाही. 1955 चा हिंदू विवाह कायदा आणि 1956 चा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहेत. पोटगी तीच, वाटणी तीच. सवलती जातील ही जुनी भीतीही 1990 मध्ये केंद्रानं बौद्धांना अनुसूचित जातींत धरल्यावर उरली नाही. तेव्हा मिळवायचं काही नाही, गमवायचंही नाही.

मग दीक्षा कशाला? त्या 22 प्रतिज्ञांसाठी. त्या 'मी'नं म्हणायच्या असतात. नवऱ्यानं बायकोच्या वतीनं म्हणायची सोय त्यात नाही. श्राद्ध करणार नाही, हे मी म्हणायचं आणि पाळायचंही मीच. सर्व माणसं समान मानण्याची प्रतिज्ञा आमच्या घरच्या पुस्तिकेत 'मानतो' अशी छापली आहे. मी 'मानते' म्हणणार आहे.

सासूबाईंना मी स्वतः सांगितलं. देव्हारा काढा असं म्हटलं नाही. तो त्यांचा आहे. फक्त माझ्या हातून पूजा होणार नाही. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. सकाळी भिंतीला धरून उठल्या आणि स्वतःच देव पुसत बसल्या. ते बघून मला बरं वाटलं नाही. ह्यांना म्हटलं, "आईंचे देव उद्यापासून तुम्ही पुसा." अजून उत्तर आलेलं नाही.