कारिटाला इंग्रजीत काय म्हणतात?

आमच्या परळच्या इंग्रजीच्या वर्गात सर्वांत धाकटा विद्यार्थी एकतीस वर्षांचा आणि सर्वांत थोरल्या मावशी अडुसष्टच्या. या दोघांच्या मधले कोणीतरी मास्तर हवेत, म्हणून मी. वर्ग संध्याकाळी साडेसातला भरतो. पण कुकरच्या शिट्या झाल्याखेरीज मावशी येत नाहीत, आणि मावशी आल्याखेरीज वर्गाला रंग चढत नाही.

या भागाला रात्रीच्या शाळेचे नवल नाही. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने गिरणी कामगारांसाठी असे वर्ग चालवले होते. पुढे १९८२ चा संप झाला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्या जागी काचेच्या इमारती आल्या. मावशींचे यजमान ज्या दारातून पाळीला जात, तिथे आता इंग्रजी पाटी आहे. आत शिरायला मनाई कोणी करीत नाही. आपले माणूसच बिचकते.

मावशींचे बिचकणे मात्र निराळे. मुलगी अमेरिकेत, नात सहा वर्षांची, आणि तिला मराठी येत नाही. दर रविवारी फोनवर नातीचे तोंड दिसे. मावशी "हॅलो" म्हणत आणि फोन मुलाच्या हाती देत. पुढचे बोलणे त्या शेजारी बसून नुसते ऐकत.

मी आरंभ केला तो सगळे करतात तसाच. क्रियापदे, काळ, आणि 'शेतकऱ्याचा बैल तळ्याकाठी आहे' अशी वाक्ये. लालबागच्या माणसाने हा बैल आणायचा कुठून? वर्ग माना डोलावी आणि गप्प बसे. मग मी गाण्याकडे वळलो. वाढदिवसाचे इंग्रजी गाणे चाळीत केक कापताना सगळेच म्हणतात. पण त्यातले दोन शब्द आमच्या मंडळींनी आजवर एकच समजून गायले होते. ते सुटे झाल्याबरोबर 'टू हिम', 'टू हर' आपोआप आले!

एवढ्यात दिवाळी आली. मी म्हटले, "आज पुस्तक बंद. पहिल्या आंघोळीला तुमच्याकडे काय करतात, ते इंग्रजीत सांगा."

उटण्यापर्यंत ठीक चालले. मग मावशींनी विचारले, "मास्तर, कारिटाला इंग्रजीत काय म्हणतात हो?"

मला ठाऊक नव्हते. नरकचतुर्दशीला कोकणातल्या घरांत हे कडू फळ डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडतात, की नरकासुर मेला. त्याला शब्द कुठला सांगणार? मास्तर अडले, हे पाहून मावशींना कोण आनंद झाला! त्या उठून उभ्या राहिल्या.

"स्मॉल. ग्रीन. व्हेरी बिटर." आणि डावा पाय आपटून, "लेफ्ट फूट. फिनिश!"

वर्गात हशा झाला, आणि त्यानंतर कोणी गप्प बसेना. भाऊबीजेचे ओवाळणे समजावून सांगता सांगता नऊ वाजले.

पुढच्या सोमवारी मावशी वेळेआधी हजर.

"मास्तर, काल फोनवर नातीला कारीट दाखवलं. तिनं विचारलं, 'व्हाय?'"

"मग?"

"मग काय, नरकासुराची सगळी गोष्ट सांगितली. चुका झाल्या असतील."

किती झाल्या, ते मी विचारले नाही.

यंदा दादरहून कारिटे आणताना दोन जास्त आणायची, असे त्यांनी मुलाला बजावले आहे. एक मास्तरांसाठी.