लावणीत पायाला लागलंय? आजच बघा

आज शेतातून घरी आलात की आधी पाय धुवा आणि तळवे दिव्याखाली धरून बघा. बेचक्यांत चिखल्या झाल्यात का, काटा मोडलाय का, टिलरचा पत्रा घासून गेलाय का. लावणीच्या दिवसांत कोकणात घरोघरी कुणाच्या तरी पायाला लागलेलं असतं आणि घरोघरी उत्तरही एकच: "लावणी होऊ दे, मग बघू." कळकळीनं विनवते, यंदा हे उत्तर देऊ नका.

तरवा थांबत नाही, हे मला ठाऊक आहे. मी फक्त थोडा वेळ मागते आहे.

रक्त येत असेल तर स्वच्छ फडक्यानं जखम १० मिनिटं दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका. मग पिण्याच्या पाण्याची धार सोडून ती धुवा, मातीचा कणही उरणार नाही तोवर थांबू नका. साबण फक्त आजूबाजूच्या कातडीला. चुना, तंबाखू, राख, शेण, एकदांडीचा पाला, कॅप्सूल फोडून काढलेली पूड, काहीही आत भरू नका. आपल्या आज्या असं भरत आल्या, कारण त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं. आपल्याजवळ आहे. व्हॅसलीनचा पातळ थर द्या, वर स्वच्छ पट्टी बांधा. पट्टी रोज बदला, भिजली तर लगेच. उघडी जखम लवकर भरते हा समज चुकीचा आहे. जखम भरेपर्यंत बांधावरचं काम घ्या. चिखलात उतरावंच लागलं तर गमबूट घाला.

धनुर्वात गंजामुळे होतो असं समजून लोक बाभळीचा काटा मनावर घेत नाहीत. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात, म्हणजे आपल्या शेतातच. मळकी जखम असेल आणि शेवटचं इंजेक्शन घेऊन ५ वर्षं उलटली असतील, किंवा कधी घेतलं ते आठवत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

पहिल्या दिवशी थोडी सूज, थोडा ठणका असणारच. दोन दिवसांनी तो उतरायला हवा. उलट वाढत असेल तर जखम चिघळते आहे. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही; ती काळपट, जांभळट, तुकतुकीत दिसते. म्हणून हाताच्या पाठीनं दोन्ही पाय चाचपा. एक पाय जास्त गरम लागला तर सुजेच्या कडेनं पेनानं रेघ मारा. सूज रेघेबाहेर गेली, पू किंवा घाण वास आला, जांघेत अवधाण आली, तांबडी रेघ वर चढू लागली, थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. जखम लहान पण वेदना असह्य, कातडी काळी पडून फोड आले, माणूस गुंगीत गेला, तर १०८ ला फोन करा. मधुमेह असलेल्यांनी तर ठणक्याची वाटच बघू नये. त्यांच्या पायाला दुखणं कळेलच असं नाही.

आणखी एक. उंदराच्या मुताचं पाणी जखमेतून अंगात गेलं की लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होऊ शकतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईनं तो पाहिला. आपल्या भातशेतीत तो दर पावसाळ्याची धास्ती आहे. पुढच्या काही आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत कळा, लाल डोळे, कावीळ, कमी लघवी यांतलं काही दिसलं तर डॉक्टरांना आधी हे सांगा: "मी चिखलात होतो, पायाला जखम होती." प्रतिबंधक गोळी लागेल का, हे आशाताईंना आजच विचारा, गरोदर असाल तर तेही सांगा.

मुंबईच्या चाकरमान्यांनो, रात्री घरी फोन करून लावणी कुठवर आली ते विचारता ना? आईला तिच्या पायांचंही विचारा. "काही नाही रे, नुसतं खरचटलंय" म्हणाली, तर व्हिडिओ कॉल लावून तळवा दाखवायला सांगा.