बाकी सर्व मागीलप्रमाणे

घरातली कुठलीही वस्तू कुरकुरायला लागली, की तिच्याकडे नीट बघायच्या आधीच ‘नवीन घ्या’ म्हणणारी एक जमात आहे. मिक्सर गुरगुरला, नवीन घ्या. पंखा डुगडुगला, नवीन घ्या. विवाहसंस्था या मंडळींच्या ताब्यात दिली नाही, हे आपलं नशीबच म्हणायचं. या जमातीचं सध्याचं सर्वांत हिरवं कुरण म्हणजे संगणक. त्यातही तो पोरांचा नवा उद्योग : गेम खेळायचा आणि खेळताखेळताच त्याची फिल्म काढायची.

तक्रार अशी असते, की नुसता गेम लोण्यासारखा चालतो. रेकॉर्डिंग सुरू केलं, की तोच अडखळत, धापा टाकत चालतो. याला ‘फ्रेम ड्रॉप’ म्हणतात. आपल्याला यात नवीन काही नाही. लग्नात ऐन माळ घालताना फोटोग्राफर ‘एक मिनिट, तसेच थांबा!’ म्हणून ओरडतो आणि नवरामुलगा माळ धरून पुतळ्यासारखा उभा राहतो, तो फ्रेम ड्रॉपच. समारंभाची नोंद करायला आलेला माणूस समारंभच थांबवतो. पण म्हणून कोणी नवरामुलगा बदलत नाही!

आमच्या चिरंजीवांच्या संगणकाचं मात्र दुकानदाराने खोकं न उघडताच निदान केलं. ‘काका, कार्ड जुनं झालं. चाळीस हजारांत नवीन बसवून देतो.’ नाडी बघायच्या आधीच ऑपरेशन! चाळीस हजार म्हणजे काय गंमत आहे? तेवढ्यात आमच्या गच्चीची गळती थांबेल.

माझं म्हणणं एवढंच, की आधी हिशेब करा. गेम सेकंदाला ६० चित्रं काढतो, म्हणजे एका चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात शत्रू, भिंत, सावली, धूर सगळं रंगवून पडद्यावर टाकायचं. आता तेच चित्र साठवायचंही आहे. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. दर ठिपक्याला तीन बाइट धरले, तर मिनिटाला २२ गिगाबाइटचा ढीग. कुठली जुनी हार्ड डिस्क एवढं गिळणार? म्हणून चित्रं आवळून, बांधून भरतात. २००३ पासून रूढ असलेल्या एच.२६४ पद्धतीत प्रत्येक वेळी पूर्ण चित्र लिहीत नाहीत. आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं, तेवढंच लिहितात. आपण पोस्टकार्डावर ‘बाकी सर्व मागीलप्रमाणे’ लिहायचो ना, तसंच. पोस्टकार्डाची अक्कल पोराच्या संगणकात आहे, हे ऐकून मला तर भरूनच आलं.

पण हे पत्र लिहायलाही कोणीतरी लागतं. गेममध्ये नुसतं उभं राहिलं, तर दोन ओळींत भागतं. धुमश्चक्री सुरू झाली, की चारी दिशांना सगळंच बदलतं आणि पत्राचं बाड होतं. ते बाड लिहायला गेमचाच मुख्य प्रोसेसर बसवला असेल, तर तो बिचारा बंदूक सांभाळील की दौत? म्हणून फ्रेम पडतात त्या नेमक्या लढाईच्या वेळी.

इथे दुसरी एक शहाणी जमात येते. ‘सिनेमा सेकंदाला २४ चित्रांत चालतो. डोळ्याला त्याहून जास्त कळतच नाही. उगाच थेरं!’ यांचं मला पहिल्या जमातीपेक्षाही नवल वाटतं. अहो, सिनेमाचा कॅमेरा एक चित्र साधारण सेकंदाच्या ४८ व्या हिश्शाएवढा वेळ टिपतो, त्यामुळे धावणारा माणूस जरासा फराटल्यासारखा उमटतो आणि पुढच्या चित्रात मिसळून जातो. गेमचं चित्र बहुधा कोरीव निघतं. शिवाय सिनेमात गोळी चुकवायची जबाबदारी नायकाची असते, इथे आपली! आणि खरा त्रास कमी चित्रांचा नसून हेलकाव्यांचा आहे. सोळा, सोळा आणि मध्येच पन्नास मिलिसेकंद, म्हणजे तबलजीने सम चुकवल्यासारखं.

मग उपाय? तो यंत्रातच पगार खात बसलेला असतो. चित्रं आवळण्याचं काम करणारा वेगळा विभाग इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांत २०११ पासून आहे, एनव्हिडियाच्या बहुतेक कार्डांत २०१२ पासून. घरात आचारी असताना यजमानीणबाई पोळ्या लाटताहेत, असा प्रकार! ओबीएस नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक पर्याय बदलला, की काम त्या विभागाकडे जातं. तोच प्रोग्रॅम चित्रं कुठे गळली, हेही सांगतो : आवळताना गळलेली वेगळी, रंगवायला उशीर झाल्याने गळलेली वेगळी. दुसरा आकडा वाढत असेल, तर कार्ड गेममध्येच पुरतं गुंतलंय, असं समजावं. आमच्याकडे तेच होतं. पडदा सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा आणि गेम १४० रंगवतोय! पंगतीत साठ पानं आणि जिलब्या एकशेचाळीस जणांच्या. गेमला साठाचा लगाम घातला, कार्डाला श्वास मिळाला, रेकॉर्डिंग सुरळीत. खर्च शून्य.

दहा वर्षांच्या यंत्रावर कोणी ‘फोर-के’मध्ये साठ चित्रांचा हट्ट धरला, तर त्याने खुशाल दुकान गाठावं, तिथे मी आडवा येणार नाही. पण मोजल्याशिवाय कार्ड विकणं हा सल्ला नव्हे, विक्री आहे, आणि पोरांच्या पहिल्या पगारावर किंवा आमच्यासारख्यांच्या पेन्शनवर ती बेधडक चालते.

परवा दुकानदाराचा पुन्हा फोन आला. ‘काका, नवीन माल आलाय. यात रेकॉर्डिंगसाठी खास वेगळी सोय आहे!’