फ्रेंचची परीक्षा आणि खानदेशाचे अंतर

३१ जानेवारी २०२४ रोजी कॅनडाच्या स्थलांतर खात्याने ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ योजनेतून ७३० उमेदवारांना स्थायी निवासासाठी अर्ज करण्याचे निमंत्रण पाठवले. त्या फेरीची गुणरेषा ५४१ होती. दुसऱ्याच दिवशी, १ फेब्रुवारीला, दुसरी फेरी झाली. तिच्यात ७,००० जणांना निमंत्रण गेले आणि ३६५ गुण पुरले. महिनाअखेरीस तशाच आणखी एका फेरीत रेषा ३३६ पर्यंत उतरली. या कमी गुणांच्या फेऱ्या फ्रेंच येणाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या होत्या. भाषा आणि व्यवसाय पाहून वेगळ्या फेऱ्या घेण्याची ही पद्धत २०२३ मध्ये सुरू झाली आणि पुढेही चालू राहिली. २१ मार्च २०२५ च्या फ्रेंच फेरीत ७,५०० जण ३७९ गुणांवर निवडले गेले. परदेशाची वाट शोधणाऱ्या एखाद्या पदवीधराला हे आकडे पाहून फ्रेंचची शिकवणी लावावीशी वाटली, तर त्याला भाबडा म्हणता येणार नाही. फ्रेंचच्या परीक्षेकडे आपल्याकडे एक तर जादूची किल्ली म्हणून पाहिले जाते, नाही तर आणखी एक खर्चिक खूळ म्हणून. जळगाव-धुळ्याच्या विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले, तर परदेशी जाण्याच्या सगळ्या सोपस्कारांत हीच पायरी त्याच्याशी त्यातल्या त्यात सरळ वागणारी आहे. अन्याय होतो तो परीक्षेच्या खोलीत शिरण्याआधी, आणि तो दूर करणे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

इंग्रजीच्या परीक्षेत काय होते ते आधी पाहू. शिरपूर, बांभोरी किंवा फैजपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडणारी बरीच मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात. घरी अहिराणी किंवा तावडी, बाजारात हिंदी, आणि इंग्रजीशी खरी गाठ पडते ती अकरावीच्या विज्ञान शाखेत. पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळेतल्या मुलाने तोवर दहा-बारा वर्षे त्या भाषेत श्वास घेतलेला असतो. आयईएलटीएसच्या लेखनात साडेसहावर अडकलेल्या मुलाला सातावर जायला जे झगडावे लागते, ते बुद्धी कमी म्हणून नव्हे. त्याची सुरुवातच दहा वर्षे उशिरा झालेली असते. फ्रेंचमध्ये ही आघाडी जवळजवळ पुसली जाते. तिथे कोथरूडचा मुलगा आणि पारोळ्याचा मुलगा दोघेही मुळाक्षरांपासून सुरू करतात.

‘जवळजवळ’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. मोठ्या शहरांत अकरावी-बारावीला फ्रेंच घेण्याची रीत जुनी आहे, पण ते घेतले जाते मुख्यतः गुणांसाठी. क्रियापदांची रूपे पाठ करून मिळवलेले नव्वद-पंच्याण्णव गुण आणि समोरच्या माणसाशी दहा मिनिटे वाद घालता येणे यांत बरेच अंतर असते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. फ्रेंच आपल्याकडे इंग्रजीतून शिकवली जाते आणि दोन्ही भाषांत हजारो शब्द सारखे आहेत, तेव्हा इंग्रजी माध्यमाच्या मुलाला इथेही झुकते माप मिळते. शब्दसंग्रहापुरते हे खरे आहे. व्याकरणात मात्र पारडे उलटते. निर्जीव वस्तूलाही लिंग असते, त्यानुसार विशेषण बदलते, मित्राला एक सर्वनाम आणि साहेबाला दुसरे, हे मराठी मुलाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. कॅनडासाठीच्या फ्रेंच परीक्षांपैकी एक असलेल्या टीईएफ कॅनडाच्या तोंडी परीक्षेचे दोन भाग नेमके याच भेदावर उभे आहेत. पहिल्यात एखादी जाहिरात वाचून अनोळखी माणसाकडून औपचारिक भाषेत माहिती काढायची आणि दुसऱ्यात मित्राला एखादी गोष्ट पटवून द्यायची. मराठीतून फ्रेंच शिकवणारा चांगला शिक्षक मिळाला, तर इंग्रजीचा पूल न ओलांडताही पलीकडे जाता येते.

गुणांचा हिशेबही याच बाजूला झुकतो. अविवाहित उमेदवाराचे इंग्रजी कॅनडाच्या मोजपट्टीवर आठव्या पातळीवरून नवव्या पातळीवर गेले, तर मूळ भाषागुणांत ३२ ची भर पडते. शिक्षण आणि अनुभवाशी जोडून मिळणारे गुण वेगळे. चांगल्या इंग्रजीच्या जोडीला दुसरी भाषा म्हणून फ्रेंचची सातवी पातळी गाठली, तर १२ अधिक ५० असे ६२ गुण मिळतात. यांतले ५० मिळवायला फ्रेंच सातवर असताना इंग्रजी पाचव्या पातळीवर असले तरी चालते, म्हणजे आयईएलटीएसमध्ये साधारण पाचचा बँड. शिवाय राखीव फेरीचे दार उघडते ते वेगळेच. इंग्रजीत मध्यम असलेल्या पण चिकाटीच्या मुलाला इतकी मोकळी जागा या योजनेत दुसरीकडे क्वचितच सापडेल.

आता परीक्षा मागते काय ते पाहू, कारण शिकवण्यांच्या जाहिरातींत नेमके हेच गाळलेले असते. संघराज्य पातळीवरच्या या योजनेत दोनच परीक्षा चालतात, टीईएफ कॅनडा आणि टीसीएफ कॅनडा. नावात थोडासा फरक असलेली क्वेबेक प्रांतासाठीची आवृत्ती चालत नाही, आणि ‘डेल्फ’ हे फ्रान्स सरकारचे प्रमाणपत्र आयुष्यभर ग्राह्य असूनही इथे चालत नाही. क्वेबेक आपले स्थलांतरित स्वतः निवडतो आणि तो डेल्फ मानतो, त्यामुळे गोंधळ वाढतो. ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे या चारही अंगांत सातवी पातळी लागते आणि सरासरी काढली जात नाही. टीसीएफमध्ये ऐकण्याचे ३९ प्रश्न ३५ मिनिटांत सोडवायचे असतात. तिथे ४५८ गुणांच्या खाली आलात, तर बाकीच्या तीन अंगांत कितीही चमकलात तरी राखीव फेरी हुकली. निकाल दोन वर्षेच ग्राह्य असतो, आणि नाव नोंदवताना व पुढे प्रत्यक्ष अर्ज करताना, दोन्ही वेळी तो जिवंत असावा लागतो. सातवी पातळी म्हणजे युरोपीय मोजपट्टीवरची साधारण बी-२. शून्यापासून तिथवर जायला वर्गातले पाचशे ते साडेसहाशे तास लागतात, असा फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थांचा सर्वसाधारण अंदाज असतो. रोज दोन तास धरले, तरी वर्ष हातचे जाते. तीन महिन्यांत सातवी पातळी देण्याचा वायदा करणाऱ्याला एवढा गुणाकार करून दाखवावा.

आणि इथेच खानदेशाची समान सुरुवात संपते. मुंबई आणि पुण्यात आलियाँस फ्राँसेझ आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटची परकीय भाषांची परंपरा आहे, ग्रंथालय आहे, संध्याकाळच्या बॅचा आहेत, बोलायला चार सहाध्यायी आहेत. जळगावहून मुंबई रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. धुळेकराला मुख्य मार्गावर यायलाच आधी चाळीसगाव गाठावे लागते. परीक्षेच्या एका दिवसासाठी हा प्रवास झेपतो. सहाशे तासांसाठी झेपत नाही. मग उरतो तो मोबाइलवरचा वर्ग. त्यात वाचणे-लिहिणे निभते, पण ऐकणे-बोलणे, म्हणजे नेमकी अडणारी अंगे, कच्ची राहतात. खानदेशी माणसाला भाषा कानाने उचलायची सवय जुनी आहे. सुरतेला कापडाच्या कारखान्यांत गेलेल्या आपल्या हजारो लोकांनी गुजराती कोणत्याही पुस्तकाशिवाय आत्मसात केली आणि त्यांच्याकडे कोणी प्रमाणपत्र मागितले नाही. त्यांच्या भोवती गुजराती होती. धुळ्यात देवपूरला राहणाऱ्या मुलाच्या भोवती फ्रेंच आणायची, तर ती कोणीतरी वर्गात आणून ठेवावी लागेल.

ते काम कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे आहे. १९९० मध्ये पुणे विद्यापीठातून हे विद्यापीठ वेगळे निघाले, ते जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मुलांना प्रत्येक गोष्टीसाठी पुण्याकडे तोंड करावे लागू नये म्हणूनच. यात एक मोह टाळायला हवा. नव्या शैक्षणिक धोरणात खुल्या निवडीच्या विषयांना जागा आहे. तिथे दोन श्रेयांकांची ‘फ्रेंचची तोंडओळख’ टाकून समाधान मानणे सोपे आहे. दोन श्रेयांक म्हणजे तीस तास. सहाशे तासांसाठी असे वीस विषय लागतील. तेव्हा हवा तो पदवीच्या तीन वर्षांना समांतर चालणारा, आठवड्याला सहा-सात तासांचा सलग अभ्यासक्रम. त्याच्या प्रत्येक वर्षाच्या शेवटी बाहेरची, आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवरची परीक्षा असावी. विद्यापीठाने स्वतःच प्रश्नपत्रिका काढली, तर दोन वर्षांत गाइडे निघतील आणि पुन्हा क्रियापदांची रूपे पाठ होऊ लागतील. जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय स्वायत्त आहे. असा अभ्यासक्रम आखायला त्याला विद्यापीठाच्या मंजुरीची वाट पाहत बसण्याचेही फारसे कारण नाही. शिक्षक मिळणार नाहीत ही अडचण खरी आहे. पण पहिल्या दोन पातळ्यांना पुण्याहून आलेला एक पूर्णवेळ शिक्षक आणि पुढच्या पातळ्यांना संवादासाठी दूरस्थ शिक्षक अशी जोडणी होऊ शकते. ती नुसत्या मोबाइल वर्गापेक्षा पुष्कळ बरी ठरेल, कारण मुले एका खोलीत बसून एकमेकांशी बोलतील. विद्यार्थीसंख्या जमली की आलियाँसशी बोलून वर्षातून एक-दोनदा परीक्षा इथे भरवता येईल का, हा प्रश्न निदान विचारता तरी येईल.

आमच्या करातून शिकवायचे आणि मुलांनी टोरांटोला जायचे, हा काय व्यवहार, असा प्रश्न यावर येणारच. तो टाकाऊ नाही. मात्र याच राज्याच्या सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला आणि त्यासाठी तरुणांना जर्मन शिकवण्याची तयारी दाखवली. परदेशी कामासाठीचे भाषाशिक्षण हा सरकारी विषय आहे, हे तत्त्व तिथे मान्य झालेच आहे. शिवाय असा अभ्यासक्रम फुकट असावा असे कोणी म्हणत नाही. आज शिकवणी, पुण्यातली खोली आणि एजंटची फी यांवर घराघरांतून जाणारा पैसा इथल्याच महाविद्यालयात योग्य शुल्क म्हणून आला, तर करदात्यावर भार न पडताही वर्ग चालू शकतो. जाणारे तसेही जाणार आहेत. अर्ध्या तयारीने गेलेला किंवा फसवला गेलेला मुलगा घराला अधिक महाग पडतो. एजंटाने अर्जात भाषेचा बनावट निकाल जोडला, तर कॅनडाच्या कायद्याप्रमाणे पाच वर्षांची बंदी अर्जदारावर येते, एजंटावर नव्हे.

फ्रेंचची ही वाट म्हणजे पळवाट आहे, असाही आरोप होतो, आणि तो कॅनडातही ऐकू येतो. फ्रेंचच्या जोरावर कमी गुणांचे लोक आत येतात आणि मग ब्रॅम्प्टनला जाऊन इंग्रजीतच जगतात, असे टीकाकार म्हणतात. यात तथ्य असू शकेल. पण हे दार चोरून उघडलेले नाही. कॅनडाने १९६९ मध्ये इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषांना राजभाषा कायद्याने समान स्थान दिले. २०२३ मध्ये तो कायदा सुधारताना क्वेबेकबाहेरच्या फ्रेंच समाजाचे घटते प्रमाण सावरण्यासाठी स्थलांतराचा वापर करण्याचे धोरणच त्यात घातले. क्वेबेक सोडून इतर प्रांतांत येणाऱ्या स्थायी रहिवाशांपैकी ८.५ टक्के फ्रेंच भाषक असावेत, असे २०२५ चे उद्दिष्ट होते. ज्या देशाला ही माणसे हवी आहेत त्यानेच रेषा आखली आहे. तिच्यावर प्रामाणिकपणे पोहोचणाऱ्याला आपण इथून दोष देण्याचे कारण नाही. पाठ केलेली उत्तरे घेऊन जाणाऱ्याची गोष्ट वेगळी, पण चारही अंगांत सातवी पातळी नुसत्या पाठांतरावर सहसा निभत नाही. ऐकण्याच्या चाचणीत तर पाठांतराला वावच नाही.

सगळ्यांत वजनदार शंका धोरणाच्या लहरीपणाची आहे. कॅनडाने नोव्हेंबर २०२४ मध्ये विद्यार्थ्यांसाठीची जलद व्हिसा योजना अचानक बंद केली आणि मार्च २०२५ मध्ये नोकरीच्या प्रस्तावाचे गुण एका झटक्यात काढून टाकले. उद्या फ्रेंच फेऱ्याही थांबू शकतात किंवा त्यांची रेषा चढू शकते. तीन वर्षे घालवलेल्या मुलाने मग काय करायचे? या शंकेचा परिणाम अभ्यासक्रमाच्या रचनेवर व्हायला हवा. टीईएफ किंवा टीसीएफच्या नमुना प्रश्नांभोवती बांधलेला वर्ग फेऱ्या थांबल्या की निरुपयोगी होईल. निकालाची मुदतही दोन वर्षांत संपते. डेल्फ बी-२ ला मुदत नसते. फ्रान्समधल्या अनेक विद्यापीठीय अभ्यासक्रमांना ते लागते, आणि पुणे-बंगळुरूच्या कंपन्यांत फ्रेंच ग्राहकांचे काम मिळवायलाही ते दाखवता येते. म्हणून जळगाव-धुळ्याच्या वर्गांनी तिसऱ्या वर्षाचे लक्ष्य डेल्फ बी-२ हेच ठेवावे. कॅनडाची परीक्षा ज्याला द्यायची त्याने ती त्यानंतर, बाकीची कागदपत्रे हातात आली की द्यावी.