शून्य पडले, तरी पुढे चला!

मैत्रिणींनो, गोल्फ हा बड्यांचा खेळ खरा. पण पुण्याच्या माझ्या जाऊबाईंच्या गटाकडून एक गोष्ट घेण्याजोगी आहे. दर बुधवारी चौघी-चौघी निघतात. १८ होल खेळायला चारेक तास लागतात. चालता चालता कुणाच्या मुलीचे ठरले, कुणाला नात झाली, सगळे कळते.

गेल्या बुधवारी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर एक आजीबाई परतल्या. ‘हँडिकॅप’मुळे कच्च्या खेळाडूला फटक्यांची सवलत मिळतेच. शिवाय डॉ. स्टेबलफोर्ड यांची १९३२ पासूनची गुणपद्धत आहे: होल बिघडला? शून्य गुण, चेंडू उचला, पुढे चला!

सूर लागत नाही म्हणून कुणी भजनी मंडळ सोडण्याआधी आपणही अशी सवलत देऊ या ना!