भिंतीवरची गिटार



बोरी अरब, दारव्हा, दिग्रस, यवतमाळ या पट्ट्यात आपल्या समाजाच्या घरी गेले की बैठकीच्या खोलीत हल्ली एक वस्तू वारंवार दृष्टीस पडते. एका बाजूला आजोबांचे हार घातलेले छायाचित्र, दुसऱ्या बाजूला दिनदर्शिका आणि या दोहोंच्या मध्ये खुंटीला अडकवलेली गिटार. २०२०च्या टाळेबंदीत मुलांच्या हट्टाखातर ती घरात आली. दुकाने बंद होती, शाळा बंद होत्या आणि मोबाइलच्या पडद्यावर शिकवायला शेकडो गुरू उभे होते. पहिले दोन महिने बोटांची टोके दुखली, तिसऱ्या महिन्यात एखाद्या गाण्याच्या दोन ओळी कशाबशा जमल्या आणि चौथ्या महिन्यात गिटार खुंटीवर गेली. आमच्या घरीही अशी एक आहे. पाहुणे कौतुकाने विचारतात, "कोण वाजवतं?" आणि घरातली माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

घरोघरी यावर एकच निवाडा दिला जातो, तो म्हणजे मुलाने आळस केला. मला हा निवाडा मान्य नाही. आपली मुले आळशी असती तर पहाटे उठून शिकवणीला गेली नसती आणि संध्याकाळी गल्ल्यावरही बसली नसती. खोलीत एकटे बसून पडद्यावरच्या निष्णात वादकाशी रोज स्वतःची तुलना करणे कोणालाही फार दिवस सोसवत नाही. त्यातही आपण आज वाजवले नाही तर कोणाचे काही अडणार नाही, हे त्या मुलाला पक्के ठाऊक असते. वाद्य शिकणाऱ्याला गुरू लागतो हे खरेच. परंतु आपल्यावाचून ज्यांचे वादन अपुरे राहील अशी चार माणसेही त्याला लागतात.

आपल्या समाजात अशी माणसे कमी नाहीत, परंतु वाजवण्यासाठी ती एकत्र येत नाहीत. पूर्वी भक्तीच्या कार्यक्रमांत घरच्याच भगिनी गात. एकीकडे पेटी, दुसरीकडे ढोलक, सूर थोडा इकडेतिकडे झाला तरी कोणाच्या कपाळाला आठी पडत नसे. आता भक्तिसंध्येसाठी बाहेरगावाहून संगीतकार येतात, त्यांच्यासोबत ध्वनियंत्रणा येते, मानधन आगाऊ ठरते आणि उरलेला संघ खुर्चीवर बसून टाळ्या वाजवतो. त्या कलावंतांविषयी मनात आदर आहे. तरीही आपण गाणाऱ्यांचे श्रोते झालो आणि श्रोत्यांचे यजमान झालो, हा बदल मला आनंदाचा वाटत नाही.

म्हणूनच एका परदेशी गिटारवादकाची हकिकत येथे सविस्तर सांगावीशी वाटते. रॉबर्ट फ्रिप हे इंग्लंडमधील 'किंग क्रिम्सन' या नामांकित वाद्यवृंदाचे एक संस्थापक. लहानपणी आपल्याला ना सुराचे ज्ञान होते ना लयीचे, असे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. १९८५ साली अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात क्लेमाँट कोर्ट येथे त्यांनी 'गिटार क्राफ्ट' नावाची निवासी शिबिरे सुरू केली आणि पुढील पंचवीस वर्षे ती अनेक देशांत चालली. शिबिरात व्यावसायिक वादक येत आणि अगदी थोडे वाजवता येणारेही येत. अशा विषम मंडळींना एका वर्गात बसवले की काय होते, हे कोणत्याही शिक्षकाला विचारावे. जाणकार कंटाळतात, नवखे लाजतात आणि पंधरा दिवसांत वर्ग मोडतो.

फ्रिप यांनी यावर जो उपाय योजला तो मोठा मार्मिक आहे. गिटारच्या सहा तारा साधारणपणे जाड तारेकडून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा स्वरांत लावतात. शिबिरात मात्र त्या सी, जी, डी, ए, ई, जी अशा निराळ्याच स्वरांत लावायच्या, असा दंडक होता. या एका बदलाने वीस वर्षे वाजवणाऱ्याच्या बोटांना पाठ झालेल्या साऱ्या जागा निरुपयोगी ठरल्या. हाताला सवय होती, बोटांत बळ होते, परंतु कोणता स्वर कोठे आहे हे त्यालाही नव्याने शोधावे लागे. काल आलेल्या विद्यार्थ्याशेजारी बसून तोही चाचपडू लागला. ज्या घरात थोरला मुलगा सगळे आधीच जाणतो आणि धाकटा कायम मागे राहतो, त्या घरातल्या आईबापांनी या युक्तीवर जरा विचार करावा.

दुसरी गोष्ट बैठकीची. सर्वजण वर्तुळात बसत. एकाने एकच स्वर वाजवायचा, शेजाऱ्याने त्यापुढचा, त्याच्या शेजाऱ्याने त्यापुढचा. अशा रीतीने सुरावट वर्तुळातून फिरत राही. ऐकणाऱ्याला ती एकसंध वाटे, परंतु कोणत्याही एका माणसाकडे ती पूर्ण नसे. यात निष्णात वादकाच्या वाट्याला एक स्वर येई आणि नवख्याच्या वाट्यालाही एकच. नवख्याचा स्वर चुकला तर सुरावटीला भोक पडे. निष्णाताने उतावीळपणे दोन स्वर वाजवले तरी ती तितकीच बिघडे. आपली पाळी येईपर्यंत इतरांकडे कान देऊन स्वस्थ बसणे हा त्यातला सर्वांत अवघड भाग, आणि तेथे वीस वर्षांचा अनुभव फारसा कामी येत नाही. या शिबिरांतून 'लीग ऑफ क्राफ्टी गिटारिस्ट्स' हा वृंद तयार झाला, तो रंगमंचावर गेला, त्याच्या वादनाची ध्वनिमुद्रिकाही निघाली. पुढे याच परंपरेतून मोठ्या संख्येने एकत्र वाजवणारे वृंद उभे राहिले.

पोलंडमधील व्रोत्स्वाफ शहराने वेगळी वाट धरली. १ मे २००९ रोजी तेथील मुख्य चौकात ६,३४६ गिटारवादकांनी 'हे जो' हे एकच गीत एकाच वेळी वाजवले. त्या गीताला सारे पाच स्वरमेळ लागतात आणि तेच क्रमाने फिरत राहतात, म्हणून इतकी माणसे त्यात सामावली. आपल्या देशात शिलाँग येथेही २००७ साली १७००हून अधिक वादक असे एकत्र आले होते. हे विक्रम मला थोडे जत्रेसारखे वाटतात. तरीही गीत सोपे निवडले की दार किती रुंद होते, एवढे त्यांवरून कळते.

हे सारे परदेशातून किंवा पूर्वोत्तरातून आणण्याचेही कारण नाही. मैहरच्या दरबारातील उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी १९१८च्या सुमारास, साथीने अनाथ झालेल्या मुलांना गोळा करून वाद्यवृंद उभारला. तोच मैहर बँड. रविशंकर आणि अली अकबर खाँ यांच्यासारखे शिष्य घडवणारा गुरू या मुलांनाही शिकवत होता. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनी 'नलतरंग' हे नवेच वाद्य केले, तेही या वृंदासाठी. एखाद्या मुलाला कोणते वाद्य झेपेल याचा विचार आधी, आणि त्याच्याकडून काय वाजवून घ्यायचे याचा विचार नंतर, अशी ती दृष्टी होती असे मला वाटते.

आणि आपले वऱ्हाड? यावलीला जन्मलेल्या आणि मोझरीला आश्रम उभारणाऱ्या तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या तालावर गावेच्या गावे गाती केली. आजही आपल्या तालुक्यांत खंजिरी भजनी मंडळे आहेत. त्यांची रचना नीट पाहावी. एकाचा गळा गोड, तो पुढे होऊन म्हणतो. दोघा-तिघांना खंजिरी साधते. उरलेले मागून धरतात. ज्याला यातले काहीच येत नाही त्याच्या हाती टाळ देतात, आणि चार महिन्यांनी तो ताल न चुकता धरू लागतो. प्रवेशपरीक्षा कोणी घेत नाही. आपल्या दुकानावर दिवसभर गाठी मोजणारा मापाडी संध्याकाळी त्या मंडळात पुढचा गवई असतो, हे आपल्यापैकी किती शेठजींना ठाऊक आहे?

आता गिटारकडे येतो. हे वाद्य विषम मंडळींसाठी जणू मुद्दाम घडवले आहे, कारण त्याचे काम तुकड्यांत वाटता येते. एक उदाहरण देतो. महिला मंडळात पेटीवर पांढरी सहा धरून गातात, तोच गिटारवरचा ए स्वर. या पट्टीतील साध्या चालीच्या गीताला बहुधा ए, डी आणि ई हे तीन स्वरमेळ पुरतात. जुगलकिशोर मुख्तार यांच्या 'मेरी भावना'सारखी संथ चालीची रचना त्यांत बसवता येते. गंमत अशी की या तिन्ही स्वरमेळांचे मूळ स्वर गिटारच्या जाड तारांवर मोकळेच मिळतात. पाचवी तार ए, चौथी डी, सहावी ई. म्हणजे ज्याने आज प्रथमच गिटार हाती घेतली, त्याने डाव्या हाताने काहीही न दाबता, योग्य वेळी या तीनपैकी एक तार छेडली तरी सबंध गीताला खालचा आधार मिळतो. ज्याला स्वरमेळ दाबता येतात त्याने प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर एकदा हात फिरवावा. ज्याची तयारी बरी आहे त्याने बारीक तारांवर चाल धरावी. सांधेदुखीमुळे ज्या काकूंची बोटे तारा दाबू शकत नाहीत, त्यांनी गिटारच्या लाकडी पोटावर तळहाताने ठेका द्यावा. तो पोकळ, मऊ आवाज फार सुरेख लागतो. पट्टी वर न्यायची झाली तर सर्वांनी एकाच घरावर कॅपोचा चिमटा लावावा, कोणालाही नवे काही शिकावे लागत नाही.

ठेक्यावरून आठवले. ढोलक, तबला, खंजिरी यांच्या पुड्या चामड्याच्या, म्हणून काही घरांत त्यांविषयी संकोच असतो. गिटारबद्दल हा प्रश्न आज बहुतांशी उरलेला नाही. परंतु पूर्वी होता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अभिजात गिटारच्या बारीक तारा मेंढीच्या आतड्यापासून केलेल्या तातीच्या असत आणि जाड तारांच्या गाभ्यात रेशीम असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तात मिळेनाशी झाली. तेव्हा न्यूयॉर्कचे अल्बर्ट ऑगस्टिन यांनी नायलॉनच्या तारा तयार केल्या आणि आंद्रेस सेगोव्हिया यांच्यासारख्या श्रेष्ठ वादकाने त्या स्वीकारल्या. आज बाजारात नायलॉन किंवा पोलाद हेच मिळते. महागड्या गिटारींत तारांखालची पट्टी कधीकधी हाडाची असते. खरेदीच्या वेळी तेवढे विचारून घ्यावे. साध्या गिटारीत ती प्लास्टिकचीच असते.

अडचणी सांगितल्या नाहीत तर हा लेख जाहिरात होईल. सर्वांत मोठी अडचण नवख्यांची नसते, ती चांगल्या वादकाची असते. ज्या मुलाने यवतमाळला जाऊन दोन वर्षे शिकून घेतले, त्याला काकांच्या गतीने वाजवणे म्हणजे बैलगाडीमागे मोटार चालवण्यासारखे वाटते. त्याला समजुतीच्या गोष्टी सांगून भागणार नाही, त्याला खरोखरीचे काम द्यावे लागेल. प्रत्येकाचा भाग लिहून काढणे, तारा जुळवून देणे आणि काकांची लय पुढे पळू लागली की आपला आवाज न वाढवता त्यांना मागे आणणे, हे शेवटचे काम त्याला पुष्कळ दिवस पुरेल. दुसरी अडचण घरच्यांची. कार्यक्रम संपताच "सगळ्यांत चांगलं कोणी वाजवलं?" असे विचारणारे एखादे तरी मामा प्रत्येक घरात असतात. त्यांना पहिल्या तालमीलाच बोलावून हाती एक तार द्यावी.

तिसरी अडचण आपल्या हवामानाची आणि हंगामाची. वैशाखातल्या उन्हात भिंतीवरची गिटार वाळते, लाकडाला चीर जाते, मान वाकते. पावसाळ्यात तीच फुगते. ती कपाटात, पिशवीत ठेवावी. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की रात्री नऊपर्यंत कोणाला उसंत नसते. त्यामुळे तालमी आषाढापासून सुरू कराव्यात, हंगामात आठवड्याला एकच ठेवावी आणि चैत्रात महावीर जन्मकल्याणकाच्या सायंकाळी वाजवावे. स्थानकात साधू-साध्वीजींच्या सान्निध्यात वाद्ये नकोत, ही मर्यादा आहेच; समाजभवन किंवा एखाद्या पेढीची माडी त्यासाठी पुरेशी आहे. कार्यक्रम दोनच गीतांचा ठेवावा. दुसरे गीत श्रोत्यांनीही म्हणावे.

बोरी अरबमध्ये माझ्या मोजणीने आपल्या घरांतून पाच गिटारी निघतात, दारव्ह्याच्या मिळवल्या तर बारा होतील. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी आधी तारा बदलून घ्याव्यात. चार-पाच वर्षे भिंतीवर राहिलेली पोलादी तार गंजलेली असते आणि नवशिक्याची बोटे तिच्यावर पहिल्याच दिवशी सोलून निघतात.