लाकूड कुठलं?

या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे की मला वस्तूंचा राग येत नाही, वस्तूंबद्दल विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचा येतो. या आठवड्याचा प्रश्न ड्रम किटचा आहे. घरातला मुलगा किंवा मुलगी दोन-तीन वर्षं ड्रम शिकते, क्लासमधल्या किटवर हात बसतो, आता घरी स्वतःचं घ्यायचं ठरतं, आणि दुकानात पाऊल टाकताच पहिली चौकशी होते ती ही: लाकूड कुठलं? मेपल की बर्च? समोरचाही तयारीत असतो. मेपल म्हणजे ऊबदार, बर्च म्हणजे टोकदार, महोगनी म्हणजे जुन्या काळचा घुमारा. ऊबदार हा शब्द रजईला लावावा की आवाजाला, ते तूर्त सोडून देऊ. पण सागवानी पलंग घेताना करायची चौकशी ड्रम घेताना केली की पुढचा सगळा हिशेब तिरका जातो. मधल्या किमतीचं किट घेणाऱ्याचा तर जास्तच, कारण एकदा चुकल्यावर दुसऱ्यांदा घ्यायला त्याच्याकडे पैसे उरलेले नसतात.

मधल्या किमतीचं म्हणजे कुठलं, ते आधी उरकून टाकू. यामाहाचं स्टेज कस्टम, पर्लचं एक्सपोर्ट, तामाचं इंपीरियलस्टार, ग्रेचचं कॅटलिना, ही त्या वर्गातली ओळखीची नावं. किंमत एखाद्या दुचाकीच्या आसपास फिरते. स्टेज कस्टमचं खोड सहा थर चिकटवलेल्या बर्चचं, इंपीरियलस्टारचं पॉपलरचं. यातलं पर्ल एक्सपोर्ट 1982 साली बाजारात आलं, आणि मधल्या माणसाला परवडेल असं किट कारखान्यात नेमकेपणाने बनवता येतं हे त्याने दाखवून दिलं. बास ड्रम, स्नेअर, दोन टॉम, एक फ्लोअर टॉम. झांजा यात बहुतेक वेळा नसतात, त्या वेगळ्या घ्याव्या लागतात. ही बारीक अक्षरातली ओळ लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

आता लाकडाविरुद्धचा पुरावा. रेकॉर्डिंगच्या दुनियेत सर्वांत जास्त वाजलेल्या स्नेअर ड्रमांत लडविगच्या सुप्राफोनिकचं नाव हमखास घेतलं जातं, आणि त्याचं खोड ॲल्युमिनियमचं आहे. लेड झेपलिनचा जॉन बॉनम 1973 साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये वाजवत होता ते किट चक्क पारदर्शक ॲक्रिलिकचं, मधाच्या रंगाचं. त्याच्या आवाजात लाकडाची ऊब कमी पडली अशी तक्रार कुणी केलेली नाही. आपल्याकडचंच बघायचं तर लेस्ली गोदिन्हो, बर्जोर लॉर्ड, फ्रँको वाझ यांचे ड्रम हिंदी सिनेमाच्या गाण्यांतून आपण पन्नास-साठ वर्षं ऐकतो आहोत. त्यांची खोडं कुठल्या झाडाची होती हा प्रश्न एकाही रसिकाला पडला नाही, आणि न पडल्यामुळे त्याचं काही बिघडलंही नाही. ड्रममध्ये हवा हलवतं ते पान. खोडाचं काम त्या पानाला गोल, सपाट आणि घट्ट धरून ठेवण्याचं. त्यातही कान द्यायचा असेल तर खोडाच्या कडेला द्यावा, कारण पान टेकतं ते त्या तासलेल्या कडेवर. कड एकसारखी असेल तर पॉपलरही गातो, आणि ती खालीवर असेल तर मेपलही भांड्यासारखा वाजतो.

हे नीट कळायला तबला शेजारी ठेवून बघावा. गोल ताणलेल्या साध्या पानावर काठी पडली की मूळ स्वराबरोबर वरचे स्वरही उठतात, पण ते मूळ स्वराच्या दुप्पट-तिपटीत बसत नाहीत. पहिलाच वरचा स्वर 1.59 पट निघतो, म्हणून साध्या पानाचा आवाज सुरेल न वाटता धपकन येतो. आपल्या कारागिरांनी पानाच्या मध्यावर शाईचा थर चढवून हा गुंता सोडवला आणि वरचे स्वर पटीत आणून बसवले. त्याचं शास्त्र चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1920 साली 'नेचर'मध्ये मांडलं. नोबेल मिळण्याच्या दहा वर्षं आधी हा माणूस मृदंगाला कान लावून बसला होता, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात का नसते कळत नाही. असो. ड्रमच्या पानावर शाई नाही. मग त्याचा स्वर कशाने आवरायचा? वरच्या आणि खालच्या अशा दोन पानांच्या ताणाने. दुसरं मोठं साधन नाही.

आणि नेमकं हेच काम आपल्याकडे कुणी करत नाही. तबलजी मैफलीत गादीवर बसला की पुडीवर सोळा घरं फिरून हातोडीने ठोकतो, गट्टे वरखाली करतो, तंबोऱ्याला कान लावतो, आणि समोरचे तीनशे लोक गुपचूप बसून राहतात. त्याला कुणी म्हणत नाही की बाबा, घरूनच लावून आणायचा होतास. ढोलपथकातली पोरंसुद्धा मिरवणुकीआधी दोऱ्या आवळून पान चढवतात. पण हजारोंचं ड्रम किट घरी आलं की पाना-स्क्रू घेऊन एकदा जोडतात, आणि पुढची तीन वर्षं ते तसंच वाजतं. साध्या किटमध्ये ताणाचे स्क्रू मोजा: बास ड्रमला दोन्ही बाजूंचे मिळून सोळा, दोन टॉमना बारा-बारा, फ्लोअर टॉमला बारा ते सोळा, स्नेअरला सोळा ते वीस. सत्तरच्या आसपास होतात. वाजवताना त्यांतले काही रोज थोडे थोडे सुटतात, आणि ज्या बाजूला काठी पडते तिकडचे आधी. मग एका बाजूला ढिलं आणि दुसऱ्या बाजूला ताठ झालेलं पान कण्हायला लागतं, आणि घरात चर्चा सुरू होते की बर्चऐवजी मेपल घ्यायला हवं होतं.

वास्तविक काम अर्ध्या तासाचं आहे. जुनं पान काढायचं, खोडाची कड फडक्याने पुसायची, नवं पान ठेवून कडं बसवायचं आणि सगळे स्क्रू आधी नुसत्या बोटांनी, लागतील तेवढे फिरवायचे. मग चावी घ्यायची आणि समोरासमोरच्या स्क्रूंना अर्धा-अर्धा वेढा देत जायचं. शेजारचा स्क्रू घेतला की पान एकीकडे ओढलं जातं, म्हणून नेहमी समोरचा. पानावरच्या सुरकुत्या गेल्या की प्रत्येक स्क्रूपासून इंचभर आत बोटाने टिचकी मारत गोल फिरायचं. एक जागा खर्जात बोलते, दुसरी टीपेला जाते. त्या सगळ्या एका स्वरावर आल्या की वरची बाजू झाली. खालच्या पानाचं तसंच. दोन्ही पानं एका स्वरात असली की आवाज लांबतो, वेगळ्या स्वरात ठेवली की आखडतो. हे कळायला रियाज लागतो हे खरं, पण तो रियाज फुकट आहे. मेपल फुकट नाही.

इथे कुणी हटकेल: लाकडाने काही होत नाही म्हणता, तर मधल्या किमतीचं तरी कशाला? सगळ्यांत स्वस्त किट घ्यावं आणि स्वरात लावावं. हा आक्षेप बरोबर दिशेने येतो, पण लोखंडाला येऊन अडतो. स्वस्त किटमध्ये कंजूषपणा लाकडात कमी आणि धातूत जास्त केलेला असतो. कडं पातळ पत्र्याचं, चारदा आवळलं की अंडाकृती. स्क्रूचे आटे वर्षभरात झिजतात. टॉम धरणारा दांडा गाण्याच्या मध्यात हळूच मान टाकतो. बास ड्रमचं पॅडल पाय उचलल्यावर परत येताना विचार करतं. जे वाद्य ताण धरूनच ठेवत नाही ते स्वरात लावणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं. लावलेला स्वर आठवडाभर टिकेल एवढं लोखंड मिळायला लागतं ते मधल्या किमतीपासून. तिथून वर जी रक्कम चढत जाते त्यात बारीक तासलेली कड असते, हाताने निवडलेलं लाकूड असतं, रंग आणि लाखेचं काम असतं. स्टुडिओत प्रत्येक ड्रमच्या तोंडाशी माइक लावला की जाणकाराला तो फरक ऐकू येतो, आणि तो खोटं बोलत नसतो. मात्र आधी दोन्ही किटं सारखीच नीट लावलेली असायला हवीत. न लावलेलं महागडं किट आणि लावलेलं मधलं किट यांत मधलं जिंकतं.

दुसरा आक्षेप फ्लॅटमधून येतो आणि तो जास्त वजनदार आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. ड्रम वाजवणाऱ्याच्या कानाशी शंभराचा आकडा सहज ओलांडला जातो. मग इलेक्ट्रॉनिक किट का नको? ज्याची भिंत शेजाऱ्याच्या देवघराला लागून आहे त्याने खरोखर तेच घ्यावं, मी वाद घालणार नाही. फक्त त्याने काय गमावलं ते कळावं. खऱ्या पानावर काठीचं टोक मध्यावरून कडेकडे सरकवलं की बोटागणिक आवाज बदलतो, आणि हात हलका केला की नुसता आवाज कमी होत नाही, त्याचा पोतच बदलतो. हे शिकायला हवा हलवणारं पान लागतं. जाळीची पानं आणि बारीक भोकं पाडलेल्या झांजा खऱ्या किटवर बसवून दुपारचा रियाज भागवता येतो, ही मधली वाट. शेजाऱ्यांची काळजी करताना स्वतःच्या कानांची मात्र कुणी करत नाही. कामाच्या जागी आठ तासांसाठी सुरक्षित मानलेली पातळी 85 डेसिबल, आणि त्याच हिशेबाने दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. शंभरला पोचेपर्यंत पंधरा मिनिटं उरतात. कानातले बोळे किटच्या किमतीतच धरावेत.

आता ती बारीक अक्षरातली ओळ. झांजा वेगळ्या. पान बदलता येतं, ताणता येतं, उतरवता येतं. झांजेचं तसं नाही. ती घेतली तशीच राहते, कुठलीही चावी तिला लागत नाही. म्हणून ज्या गोष्टी नंतर सुधारता येतात त्यांवर मधला खर्च करावा आणि जी सुधारता येत नाही तिच्यावर हात सैल सोडावा, असा माझा साधा हिशेब आहे. लोक नेमकं उलटं करतात. खोडाच्या लाकडावर बजेट संपवतात आणि शेवटी उरलेल्या पैशांत पितळी झांजांचा संच उचलतात. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ते ताटासारखं वाजतं, कारण ताटं त्याचीच होतात.

चांगली झांज काशाची, आणि कासं म्हणजे काय हे मराठी घराला सांगायला नको. तळपायाला तूप लावून घासायची ती काशाची वाटी फरशीवर जरा जोरात टेकली की किती वेळ घुमत राहते ते ऐका. आपलं पारंपरिक कासं साधारण 78 भाग तांबं आणि 22 भाग कथील. वरच्या दर्जाच्या पाश्चात्त्य झांजांत 80 ला 20. इस्तंबूलमध्ये 1623 पासून झांजा बनवणारं झिल्जियन घराणं, ज्यांच्या वंशजांनी 1929 साली अमेरिकेत कारखाना काढला, आणि आपले काशाचे टाळ ओतणारे कारागीर जवळपास एकाच मिश्रणावर काम करत आले आहेत. कथील इतकं वाढलं की धातू थंड असताना ठिसूळ होतो, म्हणून तो लालबुंद तापवूनच लाटावा लागतो. गंमत अशी की तापवून पाण्यात बुडवल्यावर पोलाद कडक आणि ठिसूळ होतं, हे कासं मात्र थोडं नरमतं, आणि मग त्याच्यावर हातोडी चालते. झांजेवर जे गोल गोल खळगे दिसतात ते नक्षीसाठी नाहीत. पुण्याच्या तांबट आळीत ज्याला मठारकाम म्हणतात त्याचाच तो भाऊ, फक्त इथे प्रत्येक ठोका आवाज थोडा इकडे-तिकडे सरकवतो. आठ टक्के कथिलाच्या झांजाही असतात, पत्र्यातून कापलेल्या. त्यांना नाक मुरडायचं कारण नाही. पाइस्टेच्या 2002 मालिकेच्या झांजा त्याच मिश्रणाच्या आहेत आणि बॉनमने त्या वाजवल्या. पण ते मिश्रण घडवणारा हात तसा लागतो.

म्हणून मधल्या किमतीचं किट घेणाऱ्याने नव्या पितळेपेक्षा जुनं कासं शोधावं. वापरलेल्या झांजा मिळतात, आणि पारख कठीण नाही. टाळ घेणारा वारकरी छापील नाव वाचत बसत नाही. दोन टाळ दोरीने धरून कडेला कड लावतो आणि नाद विरेपर्यंत थांबतो. झांजही तशीच, मधल्या भोकातून बोटावर लटकवून, काठीने हलकेच वाजवून, शेवटपर्यंत ऐकायची. मग उजेडाकडे धरून कड बघायची. कासं तडकतं ते कडेपासून किंवा भोकापासून, आणि केसाएवढी चीर डोळ्याला दिसत नाही. जुने ड्रमर चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडतात, म्हणजे ती पुढे सरकत नाही, पण ते स्वतःच्या झांजेला. विकत घेताना कडेवरून सावकाश नख फिरवायचं, पूर्ण एक फेरी. नख कुठे अडलं तर झांज परत ठेवायची, विकणारा काहीही सांगो.